ताणावरचं झाड

गुरुजींनी बोलणं बंद केलं की सौंसरात सगळ्यांना कळायचं, गाण्याचा कार्यक्रम जवळ आला आहे. बाजारात ते वांग्यांवर बोट ठेवायचे, मग हातानंच किती ते सांगायचे, आणि भाजीवाली पिशवीत वांगी टाकता टाकता शेजारणीला म्हणायची, "गुरुजी ताणावर आहे वो." शाळेत ते फळ्यावर मडकं काढायचे, मडक्याकडे खडूनं खूण करायचे आणि खुर्चीत जाऊन बसायचे. पोरं खूश असायची. हेडमास्तर चिडायचे, पण उलट उत्तरच येत नाही म्हटल्यावर भांडण तरी कसं करणार?

आमच्या संत्र्याच्या मुलखात ताण म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. बहर यायच्या आधी झाडाचं पाणी बंद करतात. झाड मलूल होतं, पानं गळायला लागतात, नवख्या माणसाला वाटतं की बाग गेली. मग बागवान अदमास घेऊन पहिलं पाणी देतो आणि थोड्याच दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. याला ताण तोडणं म्हणतात. सगळं कसब तो कधी तोडायचा यात असतं. लवकर तोडला तर फूल येत नाही, उशीर केला तर झाड राहत नाही.

गुरुजींनी ही रीत आपल्या गळ्याला लावली होती. कार्यक्रमाच्या आधी आठ-पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, घरात नाही, शाळेत नाही, देवासमोरही नाही. माणसाचा गळा आणि संत्र्याचं झाड यात फरक असतो, हे मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं.

"तुमी तहसीलचे बाबू," ते म्हणायचे, "तुमाले झाड म्हणजे जमिनीच्या खसऱ्यातली नोंद."

मी खरंच तहसीलचा बाबू होतो. लोधीखेड्याहून बदलून सौंसरला आलो होतो, खोलीवर एकटा राहायचो आणि संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून पेटी वाजवायचो. एके दिवशी खिडकीत एक लांबलचक मान आली. हाताला निळा रंग लागलेला, केस पिंजारलेले. "तुमचा सूर बराबर आहे," ती मान म्हणाली, "पण कोणासाठी वाजवून राहिले?" मी म्हटलं, स्वतःसाठी. "मग जरा जोरात वाजवा, मी बी आयकतो." आणि ते खिडकीबाहेर उकिडवे बसले. अशी आमची ओळख. पुढची सहा-सात वर्षं मी त्या माणसाला शिव्या देत त्याच्या मागे हिंडलो.

चित्रकलेचे गुरुजी गाणारे कसे झाले याचा दोष नागपूरला शिकणाऱ्या त्यांच्या एका भाच्याकडे जातो. तो सुट्टीत एक कॅसेट घेऊन आला आणि परदेशी मासिकातलं एक पान. पानावर एक गोरा गायक होता, पण तो गोरा आहे हे फक्त हातांवरून कळत होतं. बाकी सगळा तो काहीतरी भलताच प्राणी झालेला होता, अंगावर खवले, डोक्यावर मोठं फूल. कॅसेटमधलं गाणं एक बाजू संपली तरी संपत नव्हतं. भाचा म्हणाला, याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, यात गोष्ट असते, गाणारा एकेका पात्राचा पोशाख घालून गातो.

"रॉक म्हणजे दगड ना?" गुरुजींनी विचारलं. "मग पांढुर्ण्यात चालते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत एकमेकांना दगड मारणाऱ्या गावावरचा हा विनोद होता. पण ते पान त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनसमोर भिंतीला चिकटवलं आणि ती कॅसेट ते घासून जाईपर्यंत ऐकत राहिले. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंही येत नव्हतं. मला ते एकदा म्हणाले, "हा मानूस गाणं म्हणून नाई राहिला बाबू. हा गाणं होऊन राहिला." मला त्यात काही दिसलं नाही. मला तेव्हा फक्त एवढंच दिसलं, की आता हे आपल्यालाही काहीतरी घालायला लावणार.

तसंच झालं. फक्त पोशाख त्यांनी स्वतःसाठी ठेवले, आम्हाला पांढरे शर्ट. आमच्या पार्टीत चौघं होतो. गुरुजी गायचे, मी पेटीवर, लग्नाच्या बँडमधला एक ताशेवाला, आणि जयंतीच्या गाण्यांना बेंजो वाजवणारा एक शेतमजूर. हा बेंजोवाला तारांना वायर लावून, ती भोंग्याला जोडून असा आवाज काढायचा की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कानावर पदर ओढायच्या.

पोशाख वहिनी शिवायच्या. गुरुजींची बायको म्हणजे निम्म्या सौंसरचे ब्लाऊज शिवणारी बाई. बुटकी, ओठात कायम दोन टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. नवऱ्याच्या वेडाबद्दल त्यांना काय वाटतं हे मी एकदा विचारलं तेव्हा टाचण्या काढून म्हणाल्या, "बाकीच्याइचे नवरे पत्ते खेळतेत." आणि टाचण्या परत ओठात.

कापड विकत आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून शिवणाच्या उरलेल्या तुकड्यांवर काम चालायचं. मोहगावच्या कार्यक्रमात गुरुजी राजाच्या वेषात आले, पाठीवर पायघोळ झगा, शंभर तुकडे जोडलेला. गाणं ऐन रंगात आलं असताना बायकांमधून एक जण उठली आणि ओरडली, "अवं माय! ते जांभळं माह्या ब्लाऊजचं व्हय! मले त म्हणे कापड पुरलं नाई!" मग दुसरी उठली. मग सगळ्या बायका राजाच्या पाठीवर आपापलं कापड शोधायला लागल्या. राजाचं राज्य जात होतं, त्याचा मुलगा युद्धात मेला होता, आणि पुढे निम्मा गाव हसून लोळत होता. गुरुजींनी गाणं मध्ये तोडलं नाही. शेवटपर्यंत गायले. उतरल्यावर घामानं भिजलेला झगा काढत त्यांनी मला तोच प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक कार्यक्रमानंतर विचारायचे.

"आयकलं का कोनं?"

कसं झालं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ऐकलं का कोणी, एवढंच. मी दर वेळी हो म्हणायचो आणि ते दर वेळी माझ्याकडे नीट बघून मान फिरवायचे.

खरं म्हणजे कोणी ऐकत नव्हतं. लोक सोंग बघायला यायचे. खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, बघत म्हातारे झालेले लोक होते ते, त्यांना वाटायचं हाही त्यातलाच प्रकार. "नाच्या कवा येते?" असं विचारायचे. गुरुजी विहीर होऊन आले की टाळ्या पडायच्या. विहीर म्हणजे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, तिला काळ्या कापडाचा घेर, वर रहाट, आणि मधोमध खाली गुरुजी, नुसती मान वर. लोक पाच मिनिटं ती विहीर डोळे फाडून बघायचे आणि गाणं सुरू झालं की चहाला उठायचे. पुढचा पोशाख आला की परत यायचे. ती विहीर एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं होतं, "गुरुजी, हिचं तिकीट फुल की हाफ?" त्यावर सगळी गाडी हसली आणि गुरुजीही हसले. पण उतरल्यावर म्हणाले, "याले बी विहीरच दिसली."

आणि आवाज काय होता त्या माणसाचा! गोड नव्हता. जात्यातून जाडंभरडं पीठ पडावं तसा खरबरीत, खालच्या पट्टीत भरलेला, आणि वर जाताना एका जागी फाटायचा. त्या फाटण्याची मी वाट बघायचो. पेटीवर माझी बोटं तिथं आपोआप हलकी पडायची. आजही सांगतो, मी पुष्कळ गाणारे ऐकले, पण अंगावर काटा त्याच एका जागी आला.

मग सोंग उतरवून नुसतेच का गात नाही, असं मी एकदा तोंडावर विचारलं. जामसावळीहून परतताना आम्ही रस्त्याकडेला बसची वाट बघत बसलो होतो.

"नुसता उभा राहिलो त कोन पाहीन?" ते म्हणाले. "चित्रकलेचा मास्तर म्हणतीन. पोराले नंबर कमी काहून देल्ले, असं इचारतीन."

मी म्हटलं, ते असू दे, खरं सांगा. मग त्यांनी बागेची गोष्ट सांगितली. मोहगावजवळ त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. बाग ताणावर असताना वडील अचानक गेले. घरात सुतक, येणारे-जाणारे, रडारड. थोरला भाऊ कोर्टकचेरीच्या कामात. पहिल्या पाण्याचं काम धाकट्याकडं होतं, आणि धाकटा म्हणजे हेच. ते नागपूरला चित्रकलेच्या परीक्षेला निघून गेले. दोन-चार दिवसांनी काय होते, असं त्यांना वाटलं. परत आले तेव्हा त्यांनी मोट भरभरून पाणी दिलं. झाडांनी ते घेतलं नाही.

"झाड बोंबलत नाई ना बाबू," ते म्हणाले. "बैल हंबरते. झाड नुसतं उभं राहून वाट पायते. मले ते गाणं म्हणाचं आहे. पण म्या म्हणलं त मी बहाणे सांगीन. झाडानं म्हणलं पायजे."

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं राजा, विहीर, कापसाची गाठ हे सगळं चाललं होतं ते एका झाडापर्यंत पोचण्यासाठी. त्या गाण्याचं नावच 'ताण' होतं. लांबच लांब गाणं. आधी विहीर गाते, मग गळणारं पान, मग कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस, आणि शेवटी झाड. शेवटचा भाग त्यांनी आम्हाला तालमीत म्हणून दाखवला, पण कार्यक्रमात कधी म्हटला नव्हता. त्याला ते 'पहिलं पाणी' म्हणायचे. त्यातल्या दोन ओळी माझ्या बोटांत अजून आहेत:

पाणी येऊन राहिलं, पाणी येऊन राहिलं,
मुळाले सांगा कोनी, झोपू नोको.

हा भाग राखून का ठेवला, तर त्यांना तो ऐकणाऱ्यासमोरच म्हणायचा होता. आणि असा ऐकणारा अखेर मिळाला. नागपूरला कॅसेटी काढणारा एक माणूस होता, आमच्या बेंजोवाल्याच्या जयंतीच्या गाण्यांची कॅसेट त्यानंच काढली होती. बेंजोवाल्यानं त्याच्या कानावर घातलं आणि तो फाल्गुनात पांढुर्ण्याला कार्यक्रम ऐकायला यायला कबूल झाला. आवडलं तर कॅसेट काढणार होता.

गुरुजी त्या दिवशी माझ्या खोलीवर धावत आले. चप्पल एकाच पायात होती.

"कॅसेटीत सोंग नसते बाबू! तिथं फक्त गळा! ज्याले आयकाचं नाई तो बटन दाबते, आणि ज्यानं बटन दाबलं नाई त्यानं आयकलं!"

मी त्यांना इतकं आनंदात आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. पण ते बोलत असतानाच मला जाणवलं की आवाज बसलेला आहे. दिवाळीपासून तो तसाच होता. मी म्हटलं, गळ्याकडं बघा जरा. ते म्हणाले, "झाड थकलं आहे. यंदा लंबा ताण देतो. फूल बी तसंच येते, पायजा."

आणि त्या दिवसापासून ते गप्प झाले. पंधरा दिवस गेले, महिना गेला, संक्रांत झाली. गुरुजी गळ्यात दोरीनं पाटी अडकवून हिंडायला लागले. गावाला मोठी मौज वाटायची. "यंदा बहर लय मोठा येते वाटते," असं लोक चहाच्या टपरीवर म्हणायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो. बोलत नाहीत म्हणून काही दुखतंय असं कोणाच्या मनात आलं नाही. न बोलणं ही तर त्यांची जुनीच खोड होती. दुसरा कोणी असता, तर त्याला आम्ही पहिल्या महिन्यातच नागपूरला नेला असता.

शंका आली ती वहिनींना. झाडाचा पोशाख शिवायचा म्हणून त्यांनी माप घेतलं. गळ्याचं माप त्यांना तोंडपाठ होतं, लग्नापासून त्या त्यांचे सदरे शिवत होत्या. या वेळी टेप नेहमीच्या आकड्याला मिळेना. त्यांनी परत लावला. मग मला बोलावून घेतलं.

"भाऊ, गळा एका आंगानं वाढून राहिला. म्या तीनदा मापला."

गुरुजी समोरच बसले होते. मी म्हटलं, उद्या नागपूरला जाऊ. त्यांनी पाटी पुढं ओढली आणि लिहिलं, 'जगलं का पाहाले झाडाची मुळी उकरत नाई.' वहिनींनी ते वाचलं, ओल्या फडक्यानं पाटी पुसून टाकली आणि त्या परत मशीनवर बसल्या. त्या दिवशी मशीन उगाचच जोरात चालत होतं. फाल्गुन तर तोंडावर आला होता, एवढा कार्यक्रम झाला की नेऊच, असं मीही म्हटलं.

झाडाचा पोशाख मात्र असा झाला होता की वहिनींच्या हातांना नमस्कार करावा. गोणपाटाचं खोड, त्यावर खळ आणि राखेचा लेप देऊन काढलेली साल. दोन्ही हातांना बांबूच्या फांद्या. तोंडावर सालीचाच मुखवटा, आवाज बाहेर यायला एक फट. फांद्यांवर सुकलेल्या पानांच्या रंगाची कापडं, आणि प्रत्येक कापडाखाली कापूस दडवलेला. मागून एक दोरी ओढली की कापडं गळून पडायची आणि सगळं झाड एकदम पांढरं व्हायचं. दोरी ओढायला वहिनी स्वतः पांढुर्ण्याला येणार होत्या. नवऱ्याच्या कार्यक्रमाला त्या पहिल्यांदाच येत होत्या. घरी रोजच ऐकते की, असं त्या इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या.

कार्यक्रम कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या आवारात होता. दुपारीच आम्ही पोचलो. मागे कापसाच्या ढिगांच्या आडोशाला गुरुजींनी मला पेटी काढायची खूण केली. ताण तोडायची वेळ झाली होती. त्यांनी गळ्यातली पाटी काढून बाजूला ठेवली, तांब्यातून घोटभर पाणी घेतलं, ते त्यांना नीट गिळता आलं नाही, नाकातून आलं. ते पुसलं आणि तोंड उघडलं.

भात्यातून हवा जावी तसं काहीतरी बाहेर आलं. सूर नव्हता. मी पट्टी बदलली. त्यांनी परत तोंड उघडलं. ते घाबरलेले दिसत नव्हते. कान देऊन, अगदी सावधपणानं ते आत काय होतंय ते बघत होते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग ताशेवाल्यानं मान खाली घातली आणि मीही पेटीचा भाता सोडून दिला.

कार्यक्रम रद्द करू, असं मी म्हटलं. गुरुजी उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी आपला हात माझ्या गळ्यावर ठेवला. बोटं थंडगार होती. मग पाटी घेऊन लिहिलं, 'तुमी म्हणा.' मी म्हटलं, वेड लागलंय का, तो कॅसेटवाला तुमचा गळा ऐकायला येऊन राहिला. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'गाणं त आयकीन.'

गाणं मला सगळं पाठ होतं. पेटी पडद्याच्या आत ओढली, माइक माझ्या तोंडाशी आला, आणि मी गायला बसलो. विहीर झाली, पान झालं, कुऱ्हाडवाला झाला. पडद्याच्या फटीतून मला गुरुजींची पाठ दिसत होती. त्यांचे ओठ प्रत्येक शब्दाला हलत असणार, कारण दम कुठं घ्यायचा तिथंच त्यांची पाठ वर येत होती. आणि लोक चहाला उठले नाहीत. कशानं ते मला माहीत नाही. झाड उभं राहिलं तेव्हा सगळं आवार चिडीचूप झालं होतं. मी 'पाणी येऊन राहिलं' म्हणायला लागलो. आवाज जिथं फाटायला हवा होता तिथं माझा फाटला नाही, सरळ वर गेला, गुळगुळीत. वहिनींनी दोरी ओढली. झाड पांढरं झालं आणि लोक उभे राहून ओरडायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर गुरुजी मागे आले, मुखवटा तसाच. लोक त्यांच्या फांद्यांना हात लावत होते. "गुरुजी, आज त कमाल केली!" "काय गळा लागला हो आज!" एका म्हाताऱ्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग सफारीतला कॅसेटवाला आला. माणूस सभ्य होता, त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तो झाडासमोर हात जोडून उभा राहिला.

"गुरुजी, असा ड्रेस मी नागपुरात पाहिला नाही," तो म्हणाला. "पण खरं सांगू का, ही बघायची चीज आहे. कॅसेटमध्ये हे कुठून येणार? आणि आवाज... वाईट नाही तुमचा. पण रोजचा आहे."

मी पुढं झालो. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, की अहो, हा आवाज माझा आहे, यांचा तुम्ही ऐकलाच नाही! एक बांबूची फांदी माझ्या छातीवर आडवी आली. ती तिथंच राहिली. कॅसेटवाला नमस्कार करून गेला, गर्दी पांगली, आणि मग ती खाली गेली.

वहिनी पोशाख सोडवायला बसल्या. मागच्या गाठी सोडता सोडता त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमचा आवाज त्यायले ढिला होते, भाऊ. खांद्यात बसला नाई." त्यात राग नव्हता. चुकलेल्या मापाबद्दल त्या जशा बोलायच्या तशाच बोलल्या. मुखवटा काढला तेव्हा गुरुजींचं तोंड घामानं आणि अश्रूंनी भिजलेलं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. पाटी हाताशीच पडली होती, पण नेहमीचा तो प्रश्न त्यांनी त्या दिवशी लिहिला नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी गळा बघितला आणि विचारलं, इतके महिने काय करत होते? वहिनी म्हणाल्या, "ताणावर होते." डॉक्टरांना ते समजलं नाही, आणि समजावून सांगण्यात आता काही अर्थ नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं की फार उशीर झाला आहे.

गुरुजी पोळ्याच्या आधी गेले. शेवटी शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं. त्या दिवशी मी होतो तिथं. वहिनींनी कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि त्यांच्या ओठांवर पिळला. दोन थेंब आत गेले, बाकीचं गालावरून उशीवर आलं. त्या वाकून त्यांच्या कानात म्हणाल्या, "घ्या. तोडला ताण." गुरुजींनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. मी बाहेर निघून आलो आणि अंगणात ढसाढसा रडलो.

पार्टी तिथंच मोडली. झाडाचा पोशाख पांढुर्ण्याच्या एका गणेश मंडळानं आरास करायला मागून नेला, तो परत आला नाही. लोक त्याबद्दल अजून बोलतात. ज्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता तेही बोलतात, झाड कसं एकदम फुललं ते हातवारे करून सांगतात.

अलीकडंच पांढुर्ण्यात एका लग्नाला गेलो होतो. मी आता रिटायर आहे, दात गेलेत, पण कुणीतरी आग्रह केला आणि मला काय झालं कोण जाणे, मी त्या दोन ओळी म्हटल्या. कोपऱ्यातून जिनिंगमधला एक जुना माणूस ताडकन उठला.

"गुरुजी!" तो ओरडला. "डिक्टो गुरुजी! हाच आवाज! म्या तवा आवारात होतो ना!"

आणखी दोघं-तिघं आले. सगळ्यांना तोच आवाज आठवत होता, त्या दिवसाचा. त्याच्या आधी गुरुजी कसे गायचे हे कोणालाच सांगता येईना. मी म्हटलं, अरे, त्या दिवशी ते गायले नव्हते, पडद्यामागून मी गायलो होतो. ते हसले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली, "राहू द्या बाबूजी, तुमी काय गुरुजीची बराबरी करता!"

दुसऱ्या दिवशी सौंसरला येऊन मी तसाच वहिनींकडे गेलो. त्या आता थकल्या आहेत. मशीनवर चादर घातलेली असते. भिंतीवरचं ते मासिकाचं पान पिवळं पडून त्यावरचा गायक ओळखूही येत नाही. मी सगळं सांगितलं. माझा आवाज मोठा झाला होता, मला त्या लोकांचा रागच आला होता. वहिनींनी ऐकून घेतलं.

"त्याइचं काय चुकलं? त्याइनं त तोच आयकला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तसं नाही वहिनी, आवाज फाटायचा ती जागा कशी होती हे एकाला तरी कळायला हवं की नाही, ते असं घ्यायचे बघा. आणि दाखवण्यासाठी मी तोंड उघडलं.

त्यांनी घाईनं हात वर केला. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं.

"नोको भाऊ, हात जोडतो. माह्या कानात त्यायचा थोडासाच उरला आहे. त्याच्यावर तुमचा नोको घालू."

मी तोंड मिटलं. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि मी मशीनजवळ बसून राहिलो.